नेमणुकीआधीचा प्रश्न : अमेरिकेचा ॲटर्नी जनरल आणि सत्तेच्या मर्यादा

राज्यशास्त्राच्या वर्गात अमेरिकेची घटना शिकवताना सिनेटच्या संमतीचा मुद्दा येतो. राष्ट्राध्यक्षाने माणूस निवडायचा आणि सिनेटने त्याला संमती द्यायची, एवढे एक वाक्य पाठ्यपुस्तकात असते. गेल्या वर्षी हा भाग चालू असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, शेवटी ज्याचे बहुमत त्याचाच माणूस पदावर बसतो ना? मग दोन-दोन दिवस त्याला प्रश्न विचारून उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी त्या दिवशी सुटलो. पण प्रश्न मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

हे पद कसले आहे?

अमेरिकेत ॲटर्नी जनरल हे पद १७८९ च्या कायद्याने निर्माण झाले. १८७० साली न्यायखाते स्थापन झाले आणि ॲटर्नी जनरल त्याचा प्रमुख झाला. आपल्याकडच्या महान्यायवादीशी त्याचे नाव जुळते, पण अधिकार जुळत नाहीत. आपला महान्यायवादी सरकारला सल्ला देतो आणि न्यायालयात सरकारची बाजू मांडतो. अमेरिकेचा ॲटर्नी जनरल हे तर करतोच, शिवाय तो मंत्रिमंडळात बसतो. संघराज्याच्या वतीने खटले भरणारे सरकारी वकील त्याच्या हाताखाली असतात आणि एफ.बी.आय. ही तपासयंत्रणाही त्याच्याच खात्यात येते. एखादी गोष्ट राष्ट्राध्यक्षाला कायद्याने करता येते की नाही, यावर हेच खाते लेखी मत देते आणि बाकीची सरकारी खाती ते मत प्रमाण मानून चालतात.

याचा अर्थ असा की, एकाच माणसाकडे दोन कामे आली. राष्ट्राध्यक्षाने नेमलेला आणि त्याच्या मर्जीवर टिकणारा सल्लागार तोच, आणि राष्ट्राध्यक्षाच्या माणसांनी कायदा मोडला तर त्यांच्यावर खटला भरणाराही तोच. या दोन कामांत ओढाताण होणार हे उघड आहे. ज्याची भाकरी खायची त्याचेच हात धरायचे, असा हा प्रसंग असतो. म्हणून नेमणुकीच्या आधी सिनेटची न्यायविषयक समिती त्या माणसाला समोर बसवते, शपथ देते आणि जाहीरपणे प्रश्न विचारते. एकदा पद मिळाले की तो राष्ट्राध्यक्षाचा माणूस होतो. पद मिळण्याआधी मात्र त्याला सिनेटची गरज असते. प्रश्नाला वजन असते ते या गरजेमुळे.

मर्यादा म्हणजे दुबळेपणा नव्हे

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कार्यकारी सत्तेवर मर्यादा हवी असे म्हटले की, सरकार दुबळे असावे असा अर्थ काही जण घेतात. आपल्यासारख्यांनी तरी तो घेऊ नये. अमेरिकेचे न्यायखाते स्थापन झाले तेव्हा गुलामगिरी कायद्याने संपून पाच वर्षे झाली होती. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनचे गोरे हल्लेखोर मुक्त झालेल्या काळ्या माणसांना मतदानापासून रोखण्यासाठी झोडपत होते, जाळत होते, मारत होते. तेव्हाचे ॲटर्नी जनरल एमॉस एकरमन यांनी क्लॅनवर खटले भरले. ऑक्टोबर १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी साउथ कॅरोलायनातील नऊ परगण्यांत बंदिप्रत्यक्षीकरणाचा अधिकार स्थगित करून हल्लेखोरांची धरपकड केली. पुढे १९५७ साली लिटल रॉक येथे काळ्या मुलांना शाळेत पाऊल ठेवता यावे म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. 'केंद्राच्या सत्तेला मर्यादा घाला' ही ओरड त्या वेळी करत होते ते गोरे वर्चस्ववादी.

तेव्हा सत्ता किती मोठी आहे, एवढाच प्रश्न नाही. ती कायदा अंमलात आणण्यासाठी वापरली जाते की कायदा बाजूला सारण्यासाठी, हा खरा प्रश्न आहे. ग्रँट यांच्या पाठीशी १८७१ चा कायदा होता. आयझेनहॉवर यांच्या पाठीशी न्यायालयाचा आदेश होता.

हाच फरक रॉबर्ट जॅक्सन या न्यायमूर्तींनी १९५२ साली नेमका मांडला. कोरियन युद्ध चालू होते. पोलाद कारखान्यांत संप होणार म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी कारखानेच सरकारच्या ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही कृती बेकायदा ठरवली. जॅक्सन यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या. काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, अधिकार दिला असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षाची सत्ता सर्वांत बळकट असते. काँग्रेस गप्प असेल तेव्हा ती अंधूक प्रकाशात असते. आणि काँग्रेसने केलेल्या कायद्याविरुद्ध तो वागू लागला की ती सर्वांत क्षीण असते. जॅक्सन स्वतः १९४० ते १९४१ या काळात ॲटर्नी जनरल होते, त्यामुळे आतले काम कसे चालते हे त्यांना ठाऊक होते. त्यानंतरच्या काळात या पदासाठी आलेल्या माणसांना या तीन पायऱ्यांविषयी वारंवार विचारले गेले आहे. विशेषतः तिसऱ्या पायरीविषयी : राष्ट्राध्यक्ष कायदा मोडायला निघाला तर आपण काय कराल?

एक खोटे उत्तर आणि एक पाळलेले वचन

१९७२ साली रिचर्ड क्लाइनडीन्स्ट समितीसमोर बसले होते. आय.टी.टी. या बड्या कंपनीविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतून दबाव आला होता का, असे त्यांना विचारले गेले. त्यांनी नाही म्हणून सांगितले. वस्तुतः १९७१ च्या एप्रिलमध्ये निक्सन यांनी स्वतः फोन करून अपील थांबवायला त्यांना फर्मावले होते. क्लाइनडीन्स्ट ॲटर्नी जनरल झाले. पण ते उत्तर नोंदीत राहिले होते. वॉटरगेटच्या तपासात खरे काय ते बाहेर आले, आणि १९७४ साली सिनेटला पुरे व खरे उत्तर न दिल्याचा गुन्हा त्यांना न्यायालयात कबूल करावा लागला. शिक्षा नाममात्र होती आणि तीही स्थगित झाली. तरीही देशाच्या कायद्याचा सर्वोच्च अधिकारी राहिलेला माणूस आरोपी म्हणून उभा राहिला, ही गोष्ट लहान नव्हे.

क्लाइनडीन्स्ट यांच्यानंतर एलियट रिचर्डसन यांचे नाव आले. मे १९७३ चा तो काळ. वॉटरगेटचे धागे थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचत होते. सिनेटरांनी रिचर्डसन यांना सरळ अट घातली : या प्रकरणासाठी स्वतंत्र विशेष सरकारी वकील नेमा, त्याला मोकळीक द्या आणि त्याने गंभीर गैरवर्तन केल्याखेरीज त्याला काढू नका. रिचर्डसन यांनी तसे वचन दिले. आर्चिबाल्ड कॉक्स नेमले गेले. कॉक्स यांनी निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती मागितल्या, तेव्हा २० ऑक्टोबर १९७३ रोजी, शनिवारी, निक्सन यांनी कॉक्सना बडतर्फ करण्याचा हुकूम रिचर्डसन यांना दिला. रिचर्डसन यांनी वचन मोडण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाऊस यांनीही नकार दिला आणि पद सोडले. तिसऱ्या क्रमांकाचे रॉबर्ट बोर्क यांनी अखेर तो हुकूम पाळला. पण देश इतका खवळला की नवा विशेष वकील नेमावा लागला, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना जावे लागले.

निक्सन यांना एका वचनाने पाडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. न्यायालय, वृत्तपत्रे, काँग्रेस या सर्वांचा त्यात वाटा होता. तथापि, त्या शनिवारी रिचर्डसन यांच्यासमोर प्रश्न 'राष्ट्राध्यक्षांचे ऐकू की नको' एवढा मोघम राहिला नव्हता. पाच महिन्यांपूर्वी, जाहीरपणे, नोंद होत असताना आपण काय कबूल केले आहे, हा तो प्रश्न होता.

'काल्पनिक प्रश्न'

आता दुसरी बाजू पाहू. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यायखात्याने १ ऑगस्ट २००२ रोजी एक लेखी मत तयार केले. त्यात छळाची व्याख्या इतकी आकसली होती की, भयंकर मारहाणीलाही छळ म्हणता येऊ नये. सरसेनापती या नात्याने राष्ट्राध्यक्षाने कैद्यांच्या चौकशीबाबत घेतलेल्या निर्णयाला छळबंदीचा कायदा आड येऊ शकत नाही, असाही सूर त्यात होता. जॅक्सन यांची तिसरी पायरीच त्यात पुसून टाकली होती.

त्या वेळी राष्ट्राध्यक्ष बुश यांचे कायदेविषयक सल्लागार असलेले आल्बर्टो गोन्झालेस २००५ च्या जानेवारीत ॲटर्नी जनरल पदासाठी समितीसमोर आले. सुनावणी ६ जानेवारीला होती. न्यायखात्याने त्या मताच्या जागी नवे मत प्रसिद्ध केले ते ३० डिसेंबर २००४ रोजी, म्हणजे जेमतेम आठवडाभर आधी. प्रश्न येणार हे ठाऊक असल्यावर सत्ता घर कशी आवरते, त्याचा हा नमुना आहे.

त्याच सुनावणीत सिनेटर रसेल फाइनगोल्ड यांनी विचारले की, वॉरंटशिवाय फोन ऐकण्यासारख्या बाबतीत राष्ट्राध्यक्षाला देशाचा फौजदारी कायदा ओलांडता येतो काय? हा प्रश्न काल्पनिक आहे, असे म्हणून गोन्झालेस यांनी बगल दिली. ६० विरुद्ध ३६ मतांनी त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की, असे फोन २००१ पासूनच ऐकले जात होते. 'काल्पनिक' म्हटलेली गोष्ट त्या वेळी प्रत्यक्ष चालू होती. ते एक उत्तर गोन्झालेस यांची पाठ सोडीना. इतर भानगडींची भर पडत गेली आणि २००७ साली त्यांनी पद सोडले.

त्यांच्या जागी मायकल म्यूकेसी हे निवृत्त न्यायाधीश आले. ऑक्टोबर २००७ मध्ये दोन दिवस सुनावणी झाली. माणसाला फळीवर बांधायचे, तोंडावर कापड टाकायचे आणि पाणी ओतत राहायचे, म्हणजे आपण बुडून मरतो आहोत असे त्याला वाटते; या प्रकाराला वॉटरबोर्डिंग म्हणतात. ते घटनेला धरून आहे काय, असे सिनेटर शेल्डन व्हाइटहाऊस यांनी विचारले. तो छळ असेल तर घटनाबाह्य आहे, असे म्यूकेसी म्हणाले. पण तो छळ आहे की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. राष्ट्राध्यक्षाला कायद्याबाहेर जाता येते काय, या सिनेटर लेही यांच्या प्रश्नालाही त्यांनी अशीच पळवाट ठेवली : कायद्याबाहेरची ती गोष्ट देशाच्या रक्षणाच्या अधिकारात बसते की काय, हे पाहावे लागेल. ५३ विरुद्ध ४० मतांनी त्यांची नेमणूक झाली.

माझा विद्यार्थी म्हणेल, बघा, झालाच ना पदावर! होय, झाला. पण चांगला प्रश्न आणि वाईट प्रश्न यांतला फरक या सुनावणीत दिसतो. 'आपण कायदा पाळाल काय?' असे विचारले तर कोणीही होय म्हणतो. 'हे एक कृत्य, या एका कायद्याखाली, चालते की चालत नाही?' असे विचारले की माणसाला होय म्हणावे लागते, नाही म्हणावे लागते किंवा सर्वांदेखत टाळावे लागते. टाळले तर ते टाळणेही नोंदीत राहते.

आपला माणूस पदावर बसला तरी

म्यूकेसी यांच्यानंतर जानेवारी २००९ मध्ये एरिक होल्डर समितीसमोर आले. वॉटरबोर्डिंग हा छळच आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या पदावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण ३० सप्टेंबर २०११ रोजी अन्वर अल-अवलाकी या अमेरिकी नागरिकाला येमेनमध्ये ड्रोनच्या हल्ल्यात ठार करण्यात आले, आणि २०१२ साली होल्डर यांनीच जाहीर भाषणात या धोरणाचे समर्थन केले. योग्य प्रक्रिया म्हणजे न्यायालयीन प्रक्रियाच असे नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याआधीचाही एक दाखला आहे. नागरी हक्कांचे मित्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रॉबर्ट केनेडी यांनी ॲटर्नी जनरल असताना, ऑक्टोबर १९६३ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन ऐकायला एफ.बी.आय.ला परवानगी दिली होती. आपला माणूस पदावर गेला म्हणजे प्रश्न विचारायचे संपले, असे मानणाऱ्या आपल्या चळवळीतल्या मित्रांनी हे दोन दाखले ध्यानात ठेवावेत.

उलट कधीकधी विरोधकाचा प्रश्नही कामी येतो. मार्च २०१५ मध्ये सॅली येट्स उपॲटर्नी जनरल पदासाठी समितीसमोर होत्या. ओबामांचे कडवे विरोधक जेफ सेशन्स यांनी त्यांना विचारले की, राष्ट्राध्यक्षाने काही अनुचित मागितले तर नाही म्हणण्याची जबाबदारी तुमची आहे काय? कायदा आणि घटना पाळणे व राष्ट्राध्यक्षाला स्वतंत्र सल्ला देणे हे कर्तव्यच आहे, असे येट्स म्हणाल्या. जानेवारी २०१७ मध्ये ट्रंप यांनी सात मुस्लिमबहुल देशांतील लोकांना प्रवेशबंदी केली, तेव्हा येट्स हंगामी ॲटर्नी जनरल होत्या. या आदेशाच्या वैधतेबद्दल खात्री नसल्याने खाते न्यायालयात त्याचे समर्थन करणार नाही, असे त्यांनी कळवले. त्याच रात्री त्यांना काढण्यात आले. बदल करून काढलेला तिसरा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला, हेही सांगितले पाहिजे. आणि त्यांच्यानंतर ॲटर्नी जनरल झाले ते सेशन्सच.

आपल्याकडे

आपल्या घटनेने वेगळा मार्ग घेतला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकी पद्धतीशी तुलना केली होती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक; आणि आपण जबाबदारीला अधिक मान दिला आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. संसदेत प्रश्न, ठराव, चर्चा यांतून सरकारची रोजच्या रोज झडती व्हावी, ही अपेक्षा होती. म्हणून कलम ७६ प्रमाणे महान्यायवादीची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि त्याआधी संसदेसमोर त्याची तपासणी होत नाही.

पण रोजचा प्रश्नच बंद पडला तर? आणीबाणीत जुलै १९७५ च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच स्थगित झाला. मग तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात, स्थानबद्धांच्या खटल्यात, विचारला गेला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून माणूस मारला, तरीही दाद मागता येणार नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर डे यांनी दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल दिला. त्यांना डावलून जानेवारी १९७७ मध्ये दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले गेले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो १९७६ चा निर्णय चुकीचा ठरवला. एक्केचाळीस वर्षे लागली. पण निरेन डे यांचे उत्तर आजही कायद्याच्या विद्यार्थ्याला सांगितले जाते, कारण प्रश्न नेमका होता.

विद्यार्थ्याला उत्तर

१ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, राष्ट्राध्यक्षाने न्यायखात्याच्या अधिकाऱ्यांशी केलेल्या चर्चेबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला भरता येणार नाही. म्हणजे राष्ट्राध्यक्षाने ॲटर्नी जनरलला बेकायदा काम करायला सांगितले, तर सांगणारा सुरक्षित आहे. तेव्हा ऐकणाऱ्याने नाही म्हणणे, हा अडसर पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा झाला. आणि तो नाही म्हणेल की नाही, हे विचारण्याची संधी त्याला पद मिळण्याआधीच असते.

तेव्हा, उपयोग काय? बहुमत असेल तर माणूस पदावर बसतो, हे खरे. पण प्रश्न येणार या धास्तीने सत्तेला काही कागद बदलावे लागतात. खोटे उत्तर नोंदीत राहते आणि कधीतरी अंगाशी येते. ज्याच्यात थोडा तरी कणा आहे त्याला स्वतःचेच शब्द बांधून ठेवतात. ज्याच्यात कणाच नाही त्याच्यापुढे मात्र प्रश्न पुरत नाही. तिथे न्यायालय, वृत्तपत्र आणि रस्ता लागतो.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझे वडील सरकारी टेबलासमोर उभे राहत तेव्हा 'साहेब, आमच्याकडं बघा' एवढेच म्हणत. ती विनवणी होती; त्यात प्रश्न नव्हता, म्हणून साहेबालाही उत्तर द्यावे लागत नसे. आजही आपली शिष्टमंडळे जिल्हाधिकाऱ्यांना भेटून 'आम्हाला न्याय द्याल का?' असे विचारतात आणि 'नक्की देऊ' हे उत्तर घेऊन परततात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. गेल्या वर्षी त्या बैठका कोणकोणत्या तारखांना झाल्या, असे विचारले तर 'नक्की' म्हणून भागत नाही.

यंदा हा भाग शिकवताना मी वर्गाला एक काम देणार आहे. प्रत्येकाने एका अधिकाऱ्याला विचारायचा एकच प्रश्न लिहून आणायचा. त्यात कायद्याचे नाव हवे, कृत्य हवे, आणि 'होय' किंवा 'नाही' किंवा एखादी तारीख याखेरीज उत्तर देता येऊ नये. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करीन.